मोहम्मद नगीब : इजिप्तचे पहिले राष्ट्राध्यक्ष, ज्यांचं नाव पुस्तकांतूनच पुसलं गेलं

इजिप्तचा पहिला राष्ट्राध्यक्ष कोण, असं विचारलं तर आजही दहातले आठ जण जमाल अब्दुल नासेर यांचं नाव घेतील. आपल्याकडच्या जुन्या पिढीला तर नासेर घरच्यासारखे माहीत. पंडित नेहरूंचे दोस्त, अलिप्त राष्ट्रांच्या चळवळीतले मोठे नेते, सुएझ कालवा देशाच्या ताब्यात घेणारा माणूस. पण हे उत्तर चुकीचं आहे. १८ जून १९५३ रोजी इजिप्तमध्ये बादशाही संपली, प्रजासत्ताक जाहीर झालं आणि पहिले राष्ट्राध्यक्ष झाले ते जनरल मोहम्मद नगीब. पुस्तकी अरबीत नजीब, इजिप्तच्या बोलीत नगीब.

या माणसाला त्याच्याच साथीदारांनी दीड वर्षात खुर्चीवरून उतरवलं, शहराबाहेरच्या एका घरात कोंडलं आणि शाळेच्या पुस्तकांतून त्याचं नावही काढून टाकलं. नगीब यांची कहाणी एका माणसावर झालेल्या जुलमाची आहेच, पण तेवढीच नाही. राजा गेला म्हणजे लोकांचं राज्य आपोआप येतं का, हा प्रश्न त्यांच्या आयुष्यातून समोर येतो.

खार्तूमचं बालपण

नगीब यांचा जन्म १९०१ मध्ये सुदानची राजधानी खार्तूम इथं झाला. वडील युसूफ नगीब इजिप्तच्या सैन्यात अधिकारी होते आणि त्यांची नेमणूक सुदानात होती. आईच्या घरीही सैन्याचीच परंपरा. तेव्हा इजिप्त आणि सुदान दोन्हीकडे खरी हुकूमत इंग्रजांची चाले. नगीब सुदानच्या मातीत, तिथल्या लोकांत वाढले. ते नातं त्यांनी आयुष्यभर जपलं आणि सुदानी लोकांनीही त्यांना आपलंच मानलं.

शिक्षण खार्तूमच्या गॉर्डन कॉलेजात झालं. तिथला एक प्रसंग त्यांनी आपल्या आठवणींत सांगितला आहे. इंग्रज शिक्षक वर्गात मजकूर लिहून घेत होते. इजिप्तवर ब्रिटिशांचं राज्य आहे, असं वाक्य आलं. पोरगा उठला आणि म्हणाला की राज्य नाही, हा कब्जा आहे. या दुरुस्तीची किंमत म्हणून पाठीवर फटके बसले.

नगीब तेरा-चौदा वर्षांचे असताना वडिलांचा इंतेकाल झाला. पाठीमागे मोठं कुटुंब आणि बेताची कमाई. नगीब थोरले, म्हणजे जबाबदारी त्यांच्यावरच. त्यांनी वडिलांचीच वाट धरली आणि कैरोच्या लष्करी शाळेतून १९१८ मध्ये अधिकारी म्हणून बाहेर पडले.

पण हा माणूस फक्त कवायत करणारा नव्हता. नोकरी सांभाळून त्यांनी १९२७ मध्ये कायद्याची पदवी घेतली. इजिप्तच्या सैन्यात असं करणारे ते पहिलेच अधिकारी मानले जातात. पुढे अर्थशास्त्र आणि खासगी कायदा या विषयांतल्या पदविकाही मिळवल्या. इंग्रजी, फ्रेंच, इटालियन, जर्मन अशा भाषा शिकले आणि नंतर हिब्रूही शिकले. वर्दीतला हा माणूस कायदा शिकलेला होता, हे लक्षात ठेवायला हवं. पुढचा सगळा झगडा त्यावरच आहे.

राजीनामा देणारा अधिकारी

४ फेब्रुवारी १९४२ हा दिवस इजिप्तच्या माणसाला विसरता येत नाही. दुसरं महायुद्ध चालू होतं. ब्रिटिशांना आपल्या मर्जीचा पंतप्रधान हवा होता. त्यांनी कैरोतल्या आब्दीन राजवाड्याला रणगाड्यांचा वेढा घातला आणि बादशहा फारूख यांच्यापुढे दोनच रस्ते ठेवले. सांगतो तो पंतप्रधान नेमा, नाहीतर गादी सोडा. फारूख यांनी मान तुकवली.

नगीब यांना ही गोष्ट फार लागली. आपल्या बादशहाचं रक्षण करता आलं नाही तर ही वर्दी घालायला शरम वाटते, अशा अर्थाचं लिहून त्यांनी राजीनामा पाठवला. तो मंजूर झाला नाही. दहा वर्षांनी याच बादशहाला देशाबाहेर पाठवायचं काम याच अधिकाऱ्याच्या वाट्याला यायचं होतं.

१९४८ मध्ये पॅलेस्टाईनचं युद्ध झालं. नगीब आघाडीवर लढले, एकदा नव्हे तर अनेकदा जखमी झाले. डिसेंबरमध्ये गाझा पट्टीतल्या देर अल-बलहजवळच्या टेकडीवरच्या लढाईत तर ते मरता मरता वाचले. त्यांना शौर्यपदक मिळालं. पण सैन्य हरलं होतं. हत्यारांच्या खरेदीत पैसे खाल्ले गेले, जवानांच्या हाती खराब माल दिला गेला, अशी चर्चा देशभर सुरू झाली. बोट थेट राजवाड्याकडे दाखवलं जाऊ लागलं.

याच काळात जमाल अब्दुल नासेर आणि त्यांच्या वयाच्या तरुण अधिकाऱ्यांनी ‘आझाद अधिकारी’ ही छुपी संघटना बांधली होती. सगळे तिशीतले. हुशार आणि धाडसी, पण लोकांना अनोळखी. त्यांना एका वडीलधाऱ्या चेहऱ्याची गरज होती, ज्याच्यावर सैन्याचा आणि सामान्य माणसाचा विश्वास बसेल. युद्धात नगीब यांच्या हाताखाली राहिलेले अब्दुल हकीम आमेर यांनी नासेर यांना नगीब यांचं नाव सुचवलं.

परीक्षा लवकरच झाली. १९५२ सुरू होताना कैरोच्या ऑफिसर्स क्लबची निवडणूक होती. बादशहाचा उमेदवार एकीकडे, नगीब दुसरीकडे. अधिकाऱ्यांनी नगीब यांना भरघोस मतांनी निवडून दिलं. क्लबची साधी निवडणूक, पण राजवाडा हादरला. जुलैमध्ये बादशहाने क्लबची कार्यकारिणीच बरखास्त केली. ही ठिणगी पुरेशी होती.

तीन दिवसांत बादशाही हलली

त्या वर्षी देश आधीच धगधगत होता. २५ जानेवारीला इस्माइलियात ब्रिटिश फौजेने इजिप्तच्या पोलिसांवर हल्ला केला, त्यात जवळपास ५० पोलीस शहीद झाले. दुसऱ्या दिवशी कैरो पेटलं. मध्यवस्तीतली हॉटेलं, दुकानं, थिएटरं जळून खाक झाली. त्यानंतर काही महिन्यांत एकामागून एक मंत्रिमंडळं आली आणि गेली.

२३ जुलै १९५२ च्या रात्री तरुण अधिकाऱ्यांनी सैन्याचं मुख्यालय ताब्यात घेतलं. त्या वेळी नगीब घरी होते. गंमत अशी की गृहमंत्र्यांनी अलेक्झांड्रियाहून त्यांनाच फोन केला आणि पोरांना आवरा म्हणून विनंती केली! थोड्याच वेळात नगीब मुख्यालयात पोहोचले. सकाळी रेडिओवरून क्रांतीचं निवेदन वाचलं गेलं. आवाज अन्वर सादात यांचा, पण नाव नगीब यांचं.

फारूख यांचं करायचं काय, यावर अधिकाऱ्यांत वाद झाला. काहींना खटला आणि फाशी हवी होती. नगीब आणि नासेर दोघांचंही मत पडलं की रक्त नको, जाऊ द्या. २६ जुलैला फारूख यांनी आपल्या सहा महिन्यांच्या मुलाच्या नावे गादी सोडली आणि संध्याकाळी अलेक्झांड्रियाहून ‘महरूसा’ या जहाजातून निघून गेले. त्यांना २१ तोफांची सलामी देण्यात आली. गर्दीमुळे नगीब यांना धक्क्यावर पोहोचायला उशीर झाला, तर ते छोट्या बोटीतून जहाजापर्यंत गेले. सलाम केला आणि १९४२ च्या राजीनाम्याची आठवण करून दिली. इजिप्तवर राज्य करणं सोपं नाही, असं फारूख त्यांना निघताना सांगून गेले. हे शब्द किती खरे ठरणार, याची त्या वेळी दोघांनाही कल्पना नसावी.

राष्ट्राध्यक्ष निवडला कोणी?

सप्टेंबर १९५२ मध्ये नगीब पंतप्रधान झाले. दोनच दिवसांत जमीन सुधारणा कायदा आला. एका माणसाकडे २०० फेद्दानपेक्षा जास्त जमीन राहणार नाही, असं ठरलं. फेद्दान म्हणजे साधारण आपला एक एकर. पाशा, बे असे किताब रद्द झाले. नगीब गावोगाव फिरले. तोंडात पाईप, डोक्यावर लष्करी टोपी, चेहऱ्यावर हसू. लोक त्यांच्या गाडीभोवती गर्दी करत. ते मशिदीत नमाज पढत, तसे चर्चमध्येही जात. यहुदी समाजाच्या पवित्र दिवशी ते कैरोच्या सिनेगॉगमध्येही गेले. पॅलेस्टाईनचं युद्ध होऊन चारच वर्षं झाली होती आणि त्याच युद्धात ते स्वतः जखमी झाले होते, हे ध्यानात घेतलं तर या भेटीचं मोल कळतं. शत्रूशी लढाई वेगळी आणि आपल्या देशातला शेजारी वेगळा, हा फरक त्यांना नीट कळत होता.

पण सगळंच गोड नव्हतं. ऑगस्टमध्ये कफ्र अल-दव्वार इथल्या कापड गिरणीत कामगारांचा संप चिघळला. लष्करी कोर्टाने दोन कामगारांना फाशी सुनावली. मुस्तफा खमीस आणि मोहम्मद अल-बकरी. नगीब खमीसला भेटलेही, पण अखेर शिक्षा कायम केली. गरिबांच्या नावाने आलेल्या हुकूमतीने पहिले फासावर चढवले ते गरीब कामगारच. नगीब यांना याची खंत नंतर वाटत राहिली, पण सही त्यांचीच होती. डिसेंबरमध्ये १९२३ ची राज्यघटना रद्द झाली, जानेवारी १९५३ मध्ये राजकीय पक्ष बरखास्त झाले. त्यावरही नगीब यांचंच नाव होतं. पुढे ज्या दरवाज्यावर ते थाप मारणार होते, तो बंद करताना त्यांचाही हात लागला होता.

मग आला १८ जून १९५३. मोहम्मद अली पाशाच्या घराण्याची १४८ वर्षांची सत्ता संपल्याचं जाहीर झालं. इजिप्त प्रजासत्ताक झालं आणि नगीब राष्ट्राध्यक्ष झाले. पंतप्रधानपदही त्यांच्याकडेच राहिलं.

पण त्यांना निवडलं कोणी? लोकांनी नाही. मतपेटी नव्हती, संसद नव्हती, घटना समिती नव्हती. सत्ता हाती असलेल्या अधिकाऱ्यांच्या क्रांती परिषदेने आपसात ठरवलं आणि घोषणा केली. घोषणेत एवढं मात्र लिहिलं होतं की हा बंदोबस्त मधल्या काळापुरता आहे. नवी घटना तयार झाली की प्रजासत्ताक कसं असावं आणि राष्ट्राध्यक्ष कोण असावा, हे लोकच ठरवतील.

आपल्या देशाशी तुलना केली तर फरक लगेच दिसतो. भारतात आधी घटना समिती बसली, जवळपास तीन वर्षं चर्चा झाली, घटना तयार झाली. मग त्या समितीने डॉ. राजेंद्र प्रसाद यांना निवडलं आणि २६ जानेवारी १९५० ला प्रजासत्ताक सुरू झालं. आधी कायदा, मग खुर्ची. इजिप्तमध्ये आधी खुर्ची आली आणि कायदा नंतर कधीतरी येणार होता.

त्याच दिवशी आणखी एक गोष्ट घडली, तिकडे फार कुणाचं लक्ष गेलं नाही. सैन्याचं प्रमुखपद नगीब यांच्याकडून काढून अब्दुल हकीम आमेर यांना दिलं गेलं. त्यासाठी आमेर यांना मेजरवरून एका उडीत मेजर जनरल केलं. शिस्तीत वाढलेल्या नगीब यांना हे पटलं नव्हतं, पण त्यांनी मान्य केलं. नासेर उपपंतप्रधान आणि गृहमंत्री झाले. म्हणजे मान नगीब यांना, पण सैन्य आणि पोलीस दुसऱ्यांच्या हातात.

मार्च १९५४

हळूहळू नगीब यांच्या लक्षात आलं की परिषदेत आपलं एक मत आहे, आणि ते बहुतेक वेळा एकटंच आहे. सैन्याने आता बराकीत परतावं, निवडणुका व्हाव्यात, संसद बसावी, असं ते मांडत होते. नासेर आणि त्यांच्या साथीदारांचं म्हणणं होतं की इतक्या लवकर सत्ता सोडली तर जुने जमीनदार आणि जुने पक्ष परत येतील, ब्रिटिश अजून कालव्यावर बसलेत, सगळं केलेलं पाण्यात जाईल. हा मुद्दाही अगदीच पोकळ नव्हता. प्रश्न होता तो विश्वासाचा. लोकांवर विश्वास ठेवायचा की नाही.

फेब्रुवारी १९५४ मध्ये नगीब यांनी राजीनामा दिला. २५ तारखेला परिषदेने तो मंजूर केल्याचं जाहीर केलं. त्यानंतर जे झालं त्याची परिषदेला कल्पनाच नव्हती. कैरोत लोक रस्त्यावर उतरले. घोडदळाच्या अधिकाऱ्यांनी बंडाचा पवित्रा घेतला. सुदानातही लोक संतापले. ज्याच्यामुळे इजिप्तशी नातं ठेवावंसं वाटत होतं, त्यालाच काढलं, ही भावना तिथं पसरली. २७ फेब्रुवारीला परिषदेला नगीब यांना परत आणावं लागलं. हीच काय ती लोकांची निवड म्हणायची. मतपत्रिकेवर नाही, रस्त्यावर झालेली.

मार्चमध्ये लोकशाही जवळ आल्यासारखी वाटली. वर्तमानपत्रांवरची बंधनं उठली. २५ मार्चला जाहीर झालं की पक्षांना परवानगी मिळेल आणि २४ जुलैला क्रांती परिषद स्वतःच विसर्जित होईल. पण चारच दिवसांत फासे फिरले. वाहतूक कामगारांचा संप घडवून आणला गेला. ट्राम बंद, बस बंद, रेल्वे बंद. मोर्चे निघाले, पण निवडणूक हवी म्हणून नाही, तर निवडणूक नको म्हणून. या संपासाठी पैसे वाटले गेले होते, हे परिषदेचेच एक सदस्य खालिद मोहीउद्दीन यांनी पुढे आपल्या आठवणींत लिहिलं.

२९ मार्चला जमावाने राज्य परिषद या मोठ्या न्यायसंस्थेवर हल्ला केला आणि तिचे अध्यक्ष अब्दुल रझ्झाक अल-सनहूरी यांना मारहाण केली. सनहूरी म्हणजे आधुनिक अरब कायद्याचे उस्ताद. इजिप्तची दिवाणी संहिता त्यांनीच तयार केलेली. १९५२ मध्ये नव्या सत्तेला कायद्याचा आधार मिळवून देण्यातही त्यांचा हात होता. त्याच सत्तेच्या समर्थकांनी त्यांना त्यांच्या कार्यालयात घुसून रक्तबंबाळ केलं. त्याच दिवशी २५ मार्चचे निर्णय मागे पडले. एप्रिलमध्ये नासेर पंतप्रधान झाले. नगीब नावापुरते राष्ट्राध्यक्ष उरले.

मर्गचं घर

२६ ऑक्टोबर १९५४ ला अलेक्झांड्रियाच्या सभेत नासेर यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. आरोप मुस्लिम ब्रदरहुडवर आला, हजारो लोकांना अटक झाली, काहींना फाशी झाली. नगीब यांचंही नाव यात गोवलं गेलं. त्यांच्यावर खटला कधीच चालला नाही.

१४ नोव्हेंबरला ते नेहमीप्रमाणे आब्दीन राजवाड्यातल्या कार्यालयात गेले. थोड्या वेळाने आमेर आणि हसन इब्राहिम आले आणि पदावरून दूर केल्याचं सांगितलं. ज्या आमेर यांनी त्यांना या वाटेवर आणलं, तेच निरोप घेऊन आले होते. नगीब यांनी विरोध केला नाही. हातात कुरआन शरीफ घेतलं आणि गाडीत बसले. कैरोच्या बाहेर मर्ग इथं माजी पंतप्रधान नहास पाशा यांच्या बेगमचं जप्त केलेलं एक घर होतं, तिथं नेलं. थोड्या दिवसांचा प्रश्न आहे, असं सांगितलं होतं. नजरकैद सतरा वर्षं चालली.

पहारेकऱ्यांनी अपमान केले. भेटीगाठी बंद. १९५६ मध्ये सुएझचं युद्ध सुरू झालं, तेव्हा या म्हाताऱ्या सैनिकाने साधा जवान म्हणून लढायची परवानगी मागितली. ती मिळाली नाही. उलट त्यांना दक्षिण इजिप्तमध्ये नेऊन ठेवलं, कारण ब्रिटिश आले तर यांनाच पुन्हा गादीवर बसवतील अशी भीती होती.

घरात वाचन, इबादत आणि मांजरं-कुत्री एवढाच आधार. माणसांपेक्षा ही जनावरं वफादार निघाली, अशी त्यांची भावना झाली होती. तीन मुलगे होते. एकाचा जर्मनीत मृत्यू झाला. बापाला त्याच्या जनाज्याला जाऊ दिलं नाही. दुसरा तुरुंगवास भोगून आला आणि फार जगला नाही. धाकट्याला ड्रायव्हर म्हणून पोट भरावं लागलं. राष्ट्राध्यक्षाचा मुलगा, आणि शाळेच्या पुस्तकात लिहिलेलं की देशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष नासेर!

आणि लोकांना राष्ट्राध्यक्ष निवडू देण्याच्या त्या वचनाचं काय झालं? जून १९५६ मध्ये नवी घटना आली. तिच्यासोबत राष्ट्राध्यक्षपदासाठी मतदानही झालं. मतपत्रिकेवर नाव एकच होतं, नासेर यांचं.

उशिरा आलेला सन्मान

नासेर यांच्या निधनानंतर १९७१ मध्ये राष्ट्राध्यक्ष सादात यांनी नगीब यांच्यावरची बंधनं उठवली. ते मर्गच्या त्याच घरात राहत राहिले, कारण जायला दुसरी जागा नव्हती. पुढे मूळ मालकिणीच्या वारसांनी कोर्टातून घर परत मिळवलं, तेव्हा ऐंशी पार केलेल्या या माणसाला पुन्हा बाडबिस्तरा उचलावा लागला. शेवटच्या काळात त्यांनी आपल्या आठवणी लिहिल्या. त्यात स्वतःच्या चुकाही मांडल्या.

२८ ऑगस्ट १९८४ रोजी कैरोत त्यांचा इंतेकाल झाला. सुदानात वडिलांच्या शेजारी दफन व्हावं ही त्यांची इच्छा होती, ती पूर्ण झाली नाही. लष्करी इतमामात जनाजा निघाला, राष्ट्राध्यक्ष मुबारक त्यात सामील झाले. आज कैरो मेट्रोत आब्दीन भागातल्या एका स्टेशनला त्यांचं नाव आहे. २०१३ मध्ये सर्वोच्च नाईल सन्मान मरणोत्तर देण्यात आला, तर २०१७ मध्ये एका मोठ्या लष्करी तळाला त्यांचं नाव दिलं गेलं.

नासेर मोठे नेते होते, यात शंका नाही. कालवा त्यांनी मिळवला, अस्वान धरण त्यांच्या काळात उभं राहिलं, शेतकऱ्याच्या पोराला शाळा-कॉलेज खुलं झालं. पण नगीब यांचा सवाल त्यामुळे खोटा ठरत नाही. आपल्या दीनमध्ये मशवऱ्याला, शूराला इतकं महत्त्व का दिलं, हे इथं कळतं. चांगला माणूस खुर्चीवर बसणं पुरेसं नाही. त्याला बसवायचा आणि उतरवायचा हक्क लोकांकडे हवा, आणि तो कागदावर, कायद्यात हवा. नाहीतर बंद खोलीत ज्यांनी बसवलं, तेच एका सकाळी येऊन उतरवतात, आणि दाद मागायला जागा उरत नाही. नगीब कायदा शिकलेले होते, तरी सत्ता हातात असताना त्यांनी घटना आधी मागितली नाही. मागितली तेव्हा उशीर झाला होता.

आपल्याकडे ती घटना आहे. ती आधी आली, माणसं नंतर आली. तिची कदर करणं हे आपलं काम.